तिसरं रीळ, चौथं रीळ

"सिस्टर, हे हॉस्पिटल नाही, सिनेमा आहे."

वीसेक वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, हे वाक्य नलूताईला ऐकवलं गेलं. सगळे हसले.

मीही हसले.

आज सकाळी नलूताई गेली.

तिला पोचवून आम्ही घरी येतोय, तोवर ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्या सरांची पोस्ट पडलेली. 'आमच्या फिल्म सोसायटीची एक रसिक प्रेक्षक हरपली.' त्याखाली, त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती येतेय, ही आनंदाची बातमी.

म्हणून लिहितेय. नाहीतर आज मला नुसतं बसून राहायचं होतं.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. टॅग केलंय फक्त.

नलूताई, म्हणजे नलिनी भोईर. मूळची मोहन्याची. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात प्लास्टर रूमची सिस्टर. जन्मभर लोकांचे मोडलेले हातपाय बांधले आणि सोडवले.

रविवारी ड्यूटी संपली की युनिफॉर्म पिशवीत कोंबून सोसायटीच्या शोला यायची. शीळफाट्याला बस अडकली तर धापा टाकत, पण यायचीच.

आम्हा सगळ्यांचा लाडका दिग्दर्शक एकच. (त्याचंही नाव नको. बिचाऱ्याची यात काही चूक नाही.) त्याचे सिनेमे सात. शो संपला की चहा, आणि चहासोबत भांडण. सातांत पहिला कुठला, सातवा कुठला. प्रत्येकाने कागदावर यादी करायची, उभं राहून वाचायची आणि लढवायची.

सर शेवटी वाचायचे. मग निम्मे लोक हळूच आपली यादी खोडायचे.

नलूताईने कधी खोडली नाही. मामाच्या लग्नाचा जो सिनेमा आहे ना, तो तिचा कायम पहिला. सर त्याला 'घरगुती' म्हणायचे. त्यावर ती एकदा म्हणालेली, घरात काय चालतं ते सरांना माहीत नाही, त्याला दिग्दर्शक काय करणार?

सातांतला एक सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. महत्प्रयासाने त्याची प्रिंट मिळाली, डब्या-डब्यांतून आलेली रिळं. त्यात एका बाईचा हात मोडतो. पण आम्हाला आधी तिचा बरा झालेला हात दिसला आणि नंतर प्लास्टर.

शो संपल्यावर सर अर्धा तास बोलले. दिग्दर्शकाने इथे काळाशी बंड केलंय म्हणे. "जखमेची आठवण जखमेच्या आधी येते." टाळ्या. एक नंबर सिनेमा.

मग नलूताई उभी राहिली. पाचवा, म्हणाली. त्या बाईचा हात बारीक झालाय, कातडीचे पापुद्रे सुटलेत, तो सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला हात आहे. मग पुढे त्याच हातावर ओलं प्लास्टर कसं येईल?

"सर, डबे उलटे लागलेत. तिसऱ्याच्या जागी चौथं रीळ लागलंय."

त्यावर ते वाक्य आलं.

ती खाली बसली. नंतर दोन रविवार आली, मागच्या खुर्चीवर बसली, यादी केली नाही. मग यायचीच बंद झाली. विचारलं तर म्हणायची, ड्यूटी बदललीय गं.

सरांच्या भाषणाचा लेख झाला, तो पुढे त्यांच्या पुस्तकात गेला. लेखामुळे नाव झालं. त्या जखमेच्या ओळीवर त्यांनी किती गावं, किती शाली मिळवल्या, ते सगळ्यांना माहीत आहे.

तो लेख सुवाच्य अक्षरात उतरवून मी दिला होता. मी बावीसची होते आणि सरांनी मला सांगितलं, याचंच मला कौतुक. माझ्या यादीतही तो सिनेमा पहिला होता. खोडून केलेला.

पुढच्या वर्षी माझ्या आईचं मनगट मोडलं. प्लास्टर घालायला समोर नलूताई. मला तोंड वर करवेना. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस चोरासारखी, आईचा हात धर नीट." तिथून आमची खरी मैत्री.

दोन महिन्यांपूर्वी मानपाड्याला तिच्या घरी दुपारी आम्ही तो सिनेमा पाहिला. आता तो फोनवर मिळतो. आधी प्लास्टर. मग बारीक झालेला हात.

मला रडू फुटलं. वाटलं, आता ती म्हणणार, बघ.

तिने सिनेमा शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर म्हणाली, "अगं, सरळ लावला तर तिसरा आहे हा. मी उगाच पाचवा केला त्याला."

अपमान तिचा झालेला. आणि इतक्या वर्षांनी यादी दुरुस्त केली तीही तिनेच.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलेलं गं. प्रोजेक्टरवरच्या ऑपरेटरने रिळं डब्यांत भरताना सांगितलं. पण तोवर लेख गेला होता ना."

सर, शो रविवारी होता. लेख मी गुरुवारी उतरवला. तुम्ही शेजारी बसून मला स्वल्पविराम सांगत होतात.

हे मी ताईला कळू दिलं नाही. तुम्ही नकळत चुकलात असं समजून तिने तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं. ते तिचं तिच्याजवळ राहू दिलं.

मी माफ केलेलं नाही.

ज्या माणसाने जीव ओतून सिनेमा नीट जोडला, त्याचं कौतुक तुम्ही केलंच नाहीत सर. तुम्ही ऑपरेटरच्या घाईचं कौतुक केलंत. पुस्तक त्यालाच अर्पण करायचं होतं. आता हे तुमच्या पुढच्या प्रत्येक भाषणात कुणीतरी उठून विचारेल. मी आहेच.

नलूताई, नीट जा. तुझ्याइतकं सरळ बघणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आणि सर, नवी आवृत्ती अजून छापून झालेली नाही. त्या लेखाखाली एक ओळ टाका. 'रिळं उलटी लागली होती, हे नलिनी भोईर यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.'

तुम्ही टाकणार नाही, माहीत आहे. तरी मागतेय. टाका.