माझ्या आधी विचारून गेलेली मुलगी

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, आणि वाचताना मनात म्हणते, थकवा असेल, भास असेल, झोप झाली नसेल. "आपल्याकडे देव्हाराच नाही, मग भूत कुठून येणार?" असं माझे पप्पा म्हणतात. आम्ही बौद्ध. नजर काढणं, अंगारा, लिंबू-मिरची... यातलं काही घरात दिसलं तर ते खरंच चिडतात. मीही तशीच वाढले. त्यामुळे घडलं तसं सांगते. रंगवून सांगणं मला जमतही नाही.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावरच्या वस्तीत राहतो. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी. फार्मला राखीव जागेवर अॅडमिशन मिळालं, पण तात्पुरतं. जात वैधता प्रमाणपत्र – सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात – मुदतीत दिलं नाही तर सीट जाणार होती. त्यासाठी वडिलांकडच्या कुणाचा तरी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. शाळेचा असला तर उत्तम. आणि माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या गावी गुरं राखली, मग विक्रोळीत येऊन कारखान्यात लागले. त्यांचे तिघे भाऊही तसेच. आता चौघांपैकी कुणी हयात नाही.

पप्पांनी स्टँप पेपरवर वंशावळ करून घेतली होती. वर पणजोबा, खाली चार भाऊ, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मुलींची नावं कुणी घालत नाही. त्या दुसऱ्या घरी जातात ना. माझं नाव तळाशी होतं, ते अर्जदार मीच होते म्हणून.

मग ठरलं की मी एकेका नातेवाइकाकडे जायचं, जुन्या गोष्टी विचारायच्या आणि फोनवर रेकॉर्ड करायच्या. काहीतरी धागा लागेल, एवढीच आशा.

पहिली शांताआत्या, पप्पांची चुलत बहीण. विक्रोळीला चाळीत राहते, साड्यांना फॉल लावते. रविवारी दुपारी गेले तर दारातच म्हणाली, "काय गं, एकदाच काय ते विचारून घ्या की! परवा ती आली, आज तू."

"कोण ती?"

"मला काय माहीत? तुमच्यातलीच कुणीतरी. तुझ्याहून लहान, दोन वेण्या. हेच विचारत होती, गाव कुठलं, तुझ्या आजोबांना भावंडं किती."

"आणि तू काय सांगितलंस?"

"चौघं भाऊ म्हटलं. तर म्हणते, 'आणि?' मी म्हटलं, आणि काय? झालं की! तर आपली गप्प बसून राहिली माझ्या तोंडाकडे बघत. चहा ठेवायला आत गेले, तोवर गेली पण. आजकालच्या पोरींना रीतच नाही."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या भावकीत आणखी कुणीतरी व्हॅलिडिटी काढत असणार, एवढंच मनात आलं. उलट बरं वाटलं – तिला काही सापडलं तर मलाही उपयोग होईल. फॅमिली ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. एका चुलत भावाने वर चिडवलं, "डिटेक्टिव्ह ताई, चहाला कधी येताय?"

दुसरे नामदेव आजोबा, माझ्या आजोबांचे चुलत भाऊ. ते आरे कॉलनीत गुरांच्या तबेल्यावर कामाला होते, अजून तिथेच मुलाकडे राहतात. मी तिकडे जाणार हे कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं तर माझंच ठरलं नव्हतं. सकाळचं लेक्चर रद्द झालं आणि गोरेगावहून बस धरली.

आजोबा खाटेवर बसले होते. डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाज खणखणीत. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "आगं, काल काय राहिलं व्हतं का इचारायचं?"

माझ्या हातात फोन होता, रेकॉर्डिंग चालू. ते अजून माझ्याकडे आहे. त्यात मागे बाहेरच्या म्हशींचा आवाजही आहे.

"काल मी नव्हते, आजोबा."

"मग कोन व्हती? मी म्हनलं, चौघं भाऊ. ती म्हनली, 'आणि?' बसली की ततंच, त्या स्टुलावर. उठंना, बोलंना. ती गेल्यावर रातभर डोक्यात तेच. आन् पहाटं आठवलं बघ. ठकी!"

"कोण ठकी?"

"तुझ्या आजाची थोरली बहीण. चौघांच्या आधीची. साळंत जायची. भायेर ओसरीवर बसवायचे तिला, तरी जायची. लगीन ठरलं आन् तापानं गेली. लेकरू न्हाई, बाळ न्हाई... तिचं नाव कोन घेनार?"

त्यांच्या सुनेलाही विचारलं. ती म्हणाली, हो, मुलगी आली होती, साधा पंजाबी ड्रेस होता, तुमच्याकडची समजून मीच आत घेतलं.

आता मात्र मला तिला गाठायचंच होतं. घरी न जाता, कुणाला फोन न करता, आरेहून पवईमार्गे थेट मुलुंडला सुमनकाकूकडे गेले. काकू म्हणजे पप्पांच्या चुलत भावाची बायको. तिच्याकडे कुणीही आलं नव्हतं. ठकीबद्दलही तिला काही माहीत नव्हतं. त्या मुलीचा विषय मी तिच्याकडे काढला नाही, उगाच घाबरेल म्हणून. पप्पांनाही फक्त ठकीचं सांगितलं.

पप्पांनी असं नाव कधी ऐकलं नव्हतं. तरी रजा टाकून गावी गेले. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद मिळाली – नाव, पणजोबांचं नाव, जातीच्या रकान्यात आमची जुनी जात. संध्याकाळी त्यांनी फोन केला. "दोन इयत्ता शिकलीय गं," एवढंच म्हणाले.

पण जात पडताळणी समितीच्या ऑफिसात तो उतारा खिडकीतूनच परत आला. "ह्या बाई तुमच्या वंशावळीत कुठे आहेत? तुमच्या कोण ह्या?"

नव्हत्याच. आम्हीच घातलं नव्हतं. मग नामदेव आजोबांना रिक्षात घालून आणलं, त्यांचं प्रतिज्ञापत्र झालं आणि वंशावळ नव्याने केली. चार भावांच्या आधी, पहिली, ठकूबाई. टाइप करणाऱ्याने विचारलं, "मुलीचं कशाला घालताय? कोणी घालत नाही." पप्पा म्हणाले, "घाला. थोरली आहे."

व्हॅलिडिटी मुदतीत मिळाली. सीट राहिली. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे.

त्या मुलीबद्दल पप्पांना नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुठल्यातरी कॉलेजची असेल, प्रोजेक्टवाली." असेलही. पण मी आरेला जाणार हे मला माहीत नसताना ती आदल्या दिवशी तिथे कशी गेली? पहिल्या वंशावळीत काय राहून गेलंय, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात नसताना तिला कसं कळलं? मी बरेच दिवस विचार केला. आता उत्तर शोधत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं त्या आठवड्यात मुलुंडहून सुमनकाकूचा फोन आला होता, तेवढं सांगून थांबते.

"अगं, तुमच्याकडची एक मुलगी येऊन गेली. दोन वेण्यांची. कोण गं ती?"

मी विचारलं, "काय विचारत होती?"

"काही नाही. मीच म्हटलं, काही काम होतं का? तर म्हणाली, नाही, सहज आले. चांगली तासभर बसली, चहा घेतला, निवांत गेली."