सातव्या भागातला पानडबा

आमचा गट अकरा जणांचा. कंधारच्या किल्ल्यात चित्रित झालेली तेरा भागांची एक जुनी मालिका आम्हा अकरा जणांना तोंडपाठ आहे. तिच्यात एक वैद्य पानातून विष देऊन माणसं मारतो. मालिका लागली तेव्हा फार कुणी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली ते अजून तिच्यातून बाहेर आलेले नाहीत. मी लातूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे विषाबद्दलचं माझं मत गटात वजनदार मानलं जातं.

मालिकेतल्या वस्तू ओळखून जमवायच्या, हा आमचा उद्योग. तशीच वस्तू कुठेही मिळते, आम्हाला तीच लागते. त्यासाठी चित्र थांबवायचं, मोठं करायचं आणि पोचे जुळवत बसायचं. मुरुडच्या एका सभासदाकडे वैद्याची चप्पल आहे. एकाच पायाची. दुसऱ्या पायाचा विषय आम्ही त्याच्यासमोर काढत नाही.

नांदेडच्या जुन्या बाजारात मला पितळी पानडबा सापडला तेव्हा मी घासाघीस न करता तो घेतला. सातव्या भागात वैद्य ह्याच डब्यातून पान काढून देतो. बिजागरीत तांब्याची तार, झाकणाच्या कडेला रक्त म्हणून लावलेल्या लाल रंगाचा थेंब, आणि बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेलं एका बाईचं नाव. पडद्यावर ते दोन सेकंद दिसतं, अर्धं वैद्याच्या अंगठ्याखाली. ‘डब्यावर नाव घालण्याइतका बारकावा! याला म्हणतात कलाविभाग,’ असं मी गटावर लिहिलं. दहाही जणांनी टाळ्या पाठवल्या. माझ्या स्वयंपाकघरात एकही तांब्या बिननावाचा नाही, आत्याकडून, मामाकडून, अमक्याच्या लग्नात. रोज त्यातून पाणी पितो. पण शिकलेल्या माणसाला जवळचं दिसत नाही.

गटाच्या नियमाप्रमाणे चित्रीकरण पाहिलेला एक साक्षीदार लागतो. म्हणून डब्याचा फोटो घेऊन मी कंधार गाठलं. शूटिंगवाल्यांचा चहा जिथून जायचा ते घर सापडलं. दारात साठी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि उंबऱ्यावरच बसल्या.

“हा आमच्या आत्याबाईचा डबा हाय,” त्या म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासू. “माझ्या लग्नाला चार महिने झाले हुते. शूटिंगवाले म्हणले, वहिनी, दोन दिवसासाठी द्या. आत्याबाई शेतात हुत्या. मी न इचारता दिला. दोन दिवसानं त्यांची गाडी निघून गेली.”

“मग?”

“मग काय! आत्याबाई म्हणल्या, शूटिंगवाल्याला काय करायचा जुना डबा, तू माहेराला धाडलास. मरेपस्तोर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून पान खाल्लं. पाव्हणं आलं की म्हणायच्या, चांगला डबा हुता, सुनेच्या माहेरी हाय.”

“मालिकेत दिसला नाही का त्यांना?”

“आम्ही दोघींनी शेजारी जाऊन सहा भाग बघितले सर, डबा दिसंल म्हणून. सातव्याला लाईट गेली.”

मी मोबाईलवर सातवा भाग लावला. वैद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “मागं घ्या,” म्हणाल्या. असं पाच वेळा मागं घेतलं. मग विचारलं, “आता कुठं हाय हो हा?”

“बघतो,” मी म्हणालो. डबा लातूरला माझ्या काचेच्या कपाटात होता.

परतीच्या एसटीत चाकूर येईपर्यंत मला माझी लाज वाटली. चाकूरनंतर जरा कमी झाली, कारण गटावर अभिनंदनं यायला लागली होती. साक्षीदार पक्का आहे, असं मी बसमधूनच कळवलं होतं. नंतरचे आठ दिवस मी कपाटासमोरून जाताना दुसरीकडे बघत होतो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती सल्ला द्यायच्या भानगडीत पडली नाही. “नेताना रिकामा नेऊ नका,” एवढंच म्हणाली.

पानं, सुपारी, कात, चुना भरून डबा घेऊन मी पुन्हा कंधारला गेलो. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला, आतलं सामान ताटलीत काढलं, आणि सरळ मोरीत जाऊन चिंच आणि राखेनं घासायला बसल्या.

“मावशी, तो लाल थेंब तेवढा...” मी म्हणालो. आमच्या गटाचा सगळ्यात भक्कम पुरावा चिंचेच्या पाण्याबरोबर वाहून गेला. डबा मात्र लखलखीत झाला आणि नाव लांबूनही वाचता यायला लागलं.

डबा पुसून, सामान परत लावून त्यांनी दोन पानं केली. पहिलं मला दिलं. सातव्या भागात ह्या डब्यातलं पान खाणारा तीन मिनिटांत मरतो. मी खाल्लं.

दुसरं पान त्यांनी भिंतीवरच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं, शेजारी डबा ठेवला, नाव समोर येईल असा. मग पदर डोक्यावर घेतला.

“आत्याबाई, डबा आला,” त्या म्हणाल्या. “माहेराला न्हाई धाडला मी.”