पत्ता : चिंचेच्या झाडासमोर

पहिल्याच तासाला मी फळ्यावर 'लँडमार्क' असा शब्द लिहिला आणि विचारलं, "कोणाला येतो याचा अर्थ?" अठराच्या अठरा हात वर. मला लगेच संशय आला. मराठी माध्यमातली पाचवी-सहावीची पोरं. 'इज' आणि 'आर'मध्ये गडबडतात, आणि हा शब्द सगळ्यांना येतो?

"सांग रे," मी पहिल्या बाकावरच्याला म्हटलं.

"मेडिकलच्या बाजूला, सर."

"काय मेडिकलच्या बाजूला?"

"आमचा लँडमार्क. पार्सलवाला फोन करतो ना, 'लँडमार्क बोलो'? तेव्हा सांगायचं."

माझ्या हातात आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, रोमचं कोलोसियम आणि चीनची भिंत अशी रंगीत कार्डं होती. जगातल्या प्रसिद्ध वास्तूंवरून भूगोल आणि भूगोलावरून इंग्रजी, अशी माझी योजना. ती मेडिकलच्या बाजूला येऊन पडली. आमच्याकडे येणारा पार्सलवाला तर दर वेळी हरवतो. लोक हल्ली पत्ता नीट वाचत नाहीत, असं माझं मत.

आता मी कोण ते सांगतो. एकतीस वर्षं मी एका विमा कंपनीत दावे तपासले. समोरची बाई रडत 'नवरा गेला' म्हणाली तरी 'कशावरून?' विचारायचं, हा आमचा धर्म. निवृत्त झालो आणि घरी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदोनदा तपासू लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी शिकवायला जा. मुलांचं काय व्हायचं ते होवो, मला जरा श्वास घेऊ द्या." मुलुंड आणि नाहूरच्या मधे एक छोटी संस्था वाचनालयाच्या मागच्या खोलीत इंग्रजीचा फुकट वर्ग चालवायची. तिथे मी चिकटलो. जग शिकवायला निघालो होतो, पण मुंबईतल्या मुंबईत मढला जाताना होडीत बसलो तेवढाच माझा समुद्रप्रवास.

मुलं हुशार होती, म्हणजे मला छळण्याइतकी. पिसाचं कार्ड मी भिंतीवर लावलं आणि 'द टॉवर ऑफ पिसा इज लीनिंग', म्हणजे कललेला, हे वाक्य सगळ्यांकडून घोकून घेतलं. पाणी पिऊन येतो तर कुणीतरी कार्ड तिरकं करून मनोरा सरळ उभा केलेला. "सर, तुमच्याकडून वाकडं लागलं होतं," असं मला प्रेमाने समजावण्यात आलं.

त्यात एक दोन वेण्यांची, सहावीतली मुलगी होती. सगळ्यांच्या आधी यायची. वर्ग सुटल्यावर कार्डं देशांप्रमाणे लावून त्यांना रबर लावायचं काम तिने स्वतःच घेतलं होतं. कोलोसियमचं कार्ड पाहून ती म्हणाली, "सर, हे अर्धं पडलंय. मग रिडेव्हलपमेंटला का नाही गेलं?"

मागून आवाज आला, "सगळ्यांची संमती नसेल मिळाली!"

वर्ग खिदळला. ती हसली नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी मनात नोंद केली : मुलगी टोमणे मारते.

जानेवारीत मी 'ऑपोझिट', 'बिहाइंड', 'निअर' शिकवायला घेतलं आणि शेवटी मुलांच्याच लँडमार्कना शरण गेलो. "द आयफेल टॉवर इज इन पॅरिस. माय हाऊस इज निअर द मेडिकल." तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माय हाऊस इज निअर द ब्लू पत्रा."

माझे कान टवकारले. जूनमधल्या तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'चिंचेच्या झाडासमोर' असं होतं, मला पक्कं आठवत होतं. दिवाळीनंतरच्या वहीत 'बिहाइंड द फ्लोअर मिल', म्हणजे पिठाच्या गिरणीमागे. आता निळा पत्रा. सात महिन्यांत तीन घरं! आमच्या ऑफिसात असा दावा आला की आम्ही आधी चहा मागवायचो आणि मग बाह्या सरसावायचो.

नेमकं त्याच आठवड्यात संस्थेच्या बाईंनी फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "वर्ग या वॉर्डातल्या मुलांसाठीच आहे. प्रत्येक फॉर्मवर 'पत्ता तपासला' म्हणून सही करा. बाहेरचं कुणी असेल तर नाव काढून टाका, अकरा मुलं वेटिंगवर आहेत. शनिवारी मला हवंय."

सतरा फॉर्मवर मी सही केली. अठरावा बाजूला ठेवला. ते तिने पाहिलं.

"सर, माझं नाव राहणार ना?"

"पत्ता खरा असेल तर राहील."

"खराच आहे."

"मग घाबरायचं कशाला?"

दावेदारांनाही मी हेच म्हणायचो, आणि ते हमखास घाबरायचे. तिने कार्डांना रबर लावलं, काढलं, परत लावलं आणि गेली.

शुक्रवारी संध्याकाळी मी तपासाला निघालो. गल्लीच्या तोंडाशी एक चांभार बसला होता. त्याला चिंचेचं झाड विचारलं.

"ही काय, इथे." त्याने हवेत बोट दाखवलं.

"कुठेय?"

"होती ना. गणपतीत तोडली. पण या नाक्याला चिंचच म्हणतात."

मी वहीत लिहिलं : झाड नाही. पुढे गिरणीच्या जागी मोमोची गाडी होती आणि मोमोवाला फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "अरे, गिरणी के पास आजा, गिरणी!" शहाण्या माणसाने तिथेच वही मिटली असती. मी लिहिलं : गिरणी नाही. मग निळा पत्रा शोधू लागलो तर अख्ख्या गल्लीला, दोन्ही बाजूंनी, निळेच पत्रे. प्रत्येक पत्र्यामागे नव्या बिल्डिंगसाठी खणलेला एक खड्डा. मी पुरावा म्हणून फोटो काढला.

"ओ काका! फोटो कसला काढताय?"

मागे वळलो तर तीन बायका.

"बिल्डरचा माणूस दिसतोय गं."

"छे हो, मी शिक्षक आहे."

"कशावरून?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिघींतल्या एकीने माझी पिशवी बघायला मागितली. माझ्या पिशवीत कायम मोजमापाची टेप असते, का ते मलाही सांगता यायचं नाही. टेप बाहेर आली. वही बाहेर आली. 'झाड नाही, गिरणी नाही' हे मोठ्याने वाचलं गेलं.

"मास्तर टेप घेवन फिरतत?" ती म्हणाली. मालवणी टोला थेट कानाखाली बसतो. "काय उरला नाय ता लिवन घेता आसा मेलो!"

"अहो, माझी एक विद्यार्थिनी इथे राहते, तिचं घर शोधतोय."

"बघा! आता पोरीचं घर शोधतोय! वॉचमनला बोलवा गं!"

वाट लागली होती. तेवढ्यात पाठीला दप्तर आणि हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन दोन वेण्या आल्या.

"सर?"

"हे तुझे सर?"

तिने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. मी कशाला आलो होतो ते तिला कळलं. मी तिच्या जागी असतो तर सरळ 'नाही' म्हणून घरी गेलो असतो.

"हो. इंग्लिशचे."

"कशावरून?"

"पिसाचं वाक्य विचारा त्यांना."

तीन बायका, धावत आलेला एक वॉचमन आणि एक कोथिंबिरीची जुडी माझ्याकडे बघू लागली. एकतीस वर्षं इंग्रजीत नोटिसा लिहिलेला मी म्हणालो, "द टॉवर ऑफ पिसा इज... स्लीपिंग."

"लीनिंग, सर."

"लीनिंग."

"खरे सर आहेत," तिने बायकांना सांगितलं. "घाबरले की असंच चुकतात."

बायका अशा हसल्या की वॉचमन आल्या पावली परत गेला. मालवणी बोलणारी ती तिची आई निघाली. आता तिने मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून हकीकत सांगितली. चिंचेसमोरची बिल्डिंग त्यांची स्वतःची. ती पाडायला घेतली म्हणून गिरणीमागे भाड्याने गेले. त्या मालकाला खोली मुलाच्या लग्नासाठी हवी झाली, म्हणून आता इकडे, पत्र्यांजवळ. तिन्ही घरांत मिळून जेमतेम दोनशे पावलांचं अंतर. ते मी नुकतंच चालून आलो होतो, टेपसकट.

"आमी खंय गेलव, मास्तर? हयच आसव. झाड गेला."

मी वही मिटली. वातावरण सैल व्हावं म्हणून तिनेच विचारलं, "तुमी खंय रवतास?"

"इथेच, पलीकडे," मी जरा ताठ झालो. "टॉकीजसमोर."

"सर," मुलगी हळूच म्हणाली, "तिथे टॉकीज नाहीये. टॉवर आहे. मी पहिलीत होते तेव्हापासून."

"अगो बाय! मास्तरांचो पत्तो खोटो!" आईने टाळी वाजवली. "काढा आता तुमचा नाव!"

बिचारा पार्सलवाला. किती वर्षं मी त्याच्यावर फोनवर खेकसलो होतो.

मी पिशवीतून अठरावा फॉर्म काढला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. चिंचेच्या झाडावर काट मारली. "लँडमार्क काय लिहू?"

"निळो पत्रो," आई म्हणाली.

मी पेन टेकवणार इतक्यात मुलीने कोथिंबीर काखेत धरून दप्तर उघडलं आणि मला तिची पेन्सिल दिली. "याने लिहा, सर. पत्रे काढतील ना."

निळा पत्रा मी पेन्सिलने लिहिला. 'पत्ता तपासला' खाली सही मात्र पेनाने केली. तिने फॉर्म हातात घेतला, माझी सही दोनदा वाचली, शाईवरून बोट फिरवून वाळली का ते पाहिलं, आणि मगच मला परत दिला.