फ्लेक्सवरचा हार

दहा मे. पावसाळ्याआधी गोवऱ्या रचून झाकायच्या होत्या. निम्म्या रचल्या असतील, तेवढ्यात उर्स्याहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. आवाज अगदी खालचा.

"ताई, पोरगं बरं हाय ना?"

"बरं आहे. का?"

"कामशेतच्या चौकात फोटो लागलाय. हार घातलेला."

माझा मुलगा सैन्यात, सीमेवर. एप्रिलमध्ये साखरपुड्याला यायचा होता. निवडणूक लागली आणि वर्षानुवर्षं पडून असलेला सीमेचा वाद एकदम सगळ्यांना आठवला. दोन्हीकडचे अधिकारी अधूनमधून बोलायला बसायचे, ते थांबलं. मतदानाच्या तोंडावर इकडचं कोणी नमतं घेईना, म्हणून तिकडचेही घेईनात. रजा बंद झाल्या. आमच्याकडे मात्र सभा जोरात. एक इंचही देणार नाही, असं गरजणाऱ्याला आमच्या तिकोणा पेठेचा रस्ता किती उखडलाय विचारलं, की त्याला पुढच्या सभेची घाई व्हायची.

हातपाय धुतले, स्कूटर काढली आणि कामशेत गाठलं. फ्लेक्सवर मधोमध हात जोडलेला उमेदवार, मागे रणगाडा, विमानं, आणि खालच्या कोपऱ्यात माझा मुलगा, वर्दीत, फोटोभोवती झेंडूचा भरघोस हार छापलेला. फोटो माझ्या धाकट्या दिरानेच दिला होता. तो तिथेच पक्षाचं उपरणं घालून उभा होता.

"वहिनी, मानाचा हार हाय त्यो."

"जिवंत माणसाच्या फोटोला कोण हार घालतं, भाऊजी?"

त्याने वर पाहिलं. इतका वेळ त्याला फक्त पुतण्याचा फोटो केवढा मोठा आलाय एवढंच दिसत असावं. बरोबरचा कार्यकर्ता तेवढा हुशार होता. म्हणाला, "ताई, मतदान होऊ द्या, मग लगेच काढतो."

"तोवर माझा मुलगा मेलेलाच ठेवायचा?"

त्यावर तो परवानगी, छपाईचा खर्च, असलं काहीबाही सांगू लागला. मी समोरच्या तांदळाच्या दुकानातून विळा मागून आणला आणि दोऱ्या कापल्या. कार्यकर्त्याने मोबाईल काढून माझं चित्रीकरण सुरू केलं. वरची दोरी माझ्या हाताला येईना, ती दिराने कापली. मग तोही त्या चित्रीकरणात आला आणि त्याने उपरणं काढून खिशात कोंबलं.

फ्लेक्सची घडी स्कूटरवर बांधून तशीच उर्स्याला गेले. व्याह्यांच्या घरी सुतकाची कळा. मुलगी घाबरली असेल, आता साखरपुडा निकालानंतरच बघू, असं व्याही चाचरत सांगत होते. ते मला समजत होतं. ठरलेलं मोडायचं असलं की बोलायची हीच रीत असते. मी काही बोलायच्या आत मुलगी चहा घेऊन बाहेर आली.

"मी न्हाई घाबरले. काल सांच्याला बोललोय आम्ही. रोजच बोलतो."

व्याह्यांचं हाराचं दुःख गेलं आणि फोनचं सुरू झालं. मी चहा प्यायले. रजा जेव्हा मिळेल तेव्हा साखरपुडा, असं ठरवूनच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीने मुलाचा कोपरा कापून काढला, त्याच्याभोवतीचा हार छाटून टाकला. उरलेला फ्लेक्स, उमेदवाराचं तोंड खाली करून, गोवऱ्यांवर अंथरला. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले. चौथा कोपरा नव्हता, तिथे जुनं पोतं टाकलं.