पाया बदलला तरी

कॉलेजातली मुलं गणिताच्या बाईंना पाठीमागे ‘ई-बाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोनाचा घात असो की दहाचा, तो ‘ई’ या संख्येच्या, म्हणजे गणितातल्या ‘नैसर्गिक’ पायावर आणून लिहिल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. लिहून झालं, की हरवलेली किल्ली सापडावी तशा खूश होत. पाया नैसर्गिक असला की बदलाचा वेग घातांकातच दिसतो, हे त्या न कंटाळता सांगत. मुलं कंटाळत, तो भाग वेगळा.

घरी त्या आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघंच. भाऊ गवंडी. विटा रचून त्यानेच बहिणीला शिकवलं होतं. ‘पाया’ हा शब्द मुळात आपला, असं त्याचं ठाम मत, आणि तुमच्या पायाला सिमेंट किती लागतं असं विचारून तो त्यांना छळायचा. आता त्याची मूत्रपिंडं थकली होती. दर वर्षी त्यांचं काम निम्म्यावर येतंय आणि ते थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

घरी आल्या आल्या भाऊ म्हणाला, “निम्मं निम्मं होऊन शेवटी उरतं किती? तुझ्या गणितात बघ की.”

नाही कसं म्हणणार? बाईंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर अर्ध्याचा घात लिहिला. हाताच्या सवयीने पाया बदलला, वर घातांक आला, खाली आलेख काढला, आणि रेघ वर चढत गेली. भाऊ खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला ती अक्षरं कळत नव्हती, पण चढण कळत होती.

“वाढतंय की गं,” तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

बाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. घातांकातलं वजाचं चिन्ह लिहायचं राहिलं होतं. अर्ध्याचा लॉगॅरिदम ऋण येतो, हे विसरणाऱ्या पोरांना त्या सरळ भोपळा देत, दयामाया नाही. आता त्यांना चाचरत सांगावं लागलं की दादा, मी चुकले, रेघ उतरती आहे.

त्याने कागद स्वतःकडे ओढला. “मग दुसरा पाया घे.”

“कुठलाही घेतला तरी उत्तर तेच येतं, दादा.”

“आमच्यात पाया बदलायचा तर घर पाडावं लागतं,” तो म्हणाला. “तुमच्यात घर आहे तसंच राहतं होय.”

बाईंना रडू आवरेना. त्यांनी राहिलेली वजाची रेघ ओढायला पेन उचललं, पण हात चालेना. इतकं हतबल त्यांना कधी वाटलं नव्हतं. भावाने ते पेन हळूच काढून घेतलं आणि कुठे लिहायचं ते विचारलं. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. तिथे त्याने ती आडवी रेघ स्वतःच्या हाताने ओढली, अगदी सरळ.