आईसोबत पाहिलेलं नाटक
नाट्यगृहातल्या एसीचा गार, कोंदट वास आला की आईसोबत पाहिलेला दुपारचा प्रयोग आठवतो. सिल्लोडकडच्या आमच्या गावात ती जत्रेतली नाटकं पोत्यावर बसून, नटांशी बोलत बघायची. इथं सगळे शांत, त्यामुळं ती मध्येच काही बोलेल या धास्तीनं माझं नाटकात लक्षच नव्हतं. रंगमंचावरचा मुलगा आजारी आईला सोडून निघाला आणि आई मोठ्यानं म्हणाली, “नको जाऊ रं, लई दुखतंय तिला.” माना वळल्या. मी तिचा हात दाबून म्हणालो, “आई, गप बस.” नट मात्र दारात थांबला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, “लगेच येतो, माय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मध्यंतरातही बोलली नाही. अजूनही नाटकाला चल म्हटलं की म्हणते, “तूच जा, मला गप बसणं जमत नाय.”