पोर आजून हवामा से

“थांब व माय, झाडू नको लाऊ! पोर आजून हवामा से.”

हवामा म्हणजे हवेत. बमरोलीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मावशींचं हे ठरलेलं वाक्य. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हे तुमच्याकडेही पाळत असतील. धुळ्याच्या एसटीपुरतं ते निभतंही. पण मावशींची एकुलती एक लेक नर्स होऊन गेली थेट टोरांटोला! आणि मावशी घरबसल्या साड्यांच्या भरतकामाचे सुटे दोरे कापायच्या. एका दुपारीच जमीन दिसेनाशी व्हायची.

“किती लांब से?” त्यांनी एकदा विचारलं. मी मोबाइल बघून सांगितलं, दिल्लीहून साडेअकरा हजार किलोमीटर. मावशींनी मनातल्या मनात एसटीचा हिशेब लावला आणि मटकन खालीच बसल्या.

“ओ माय! पंधरा दिन हवामा?”

विमान एका दिवसाच्या आतच पोचतं, हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. लेकीचा फोन आला, “पोचनू व माय,” आणि मावशींनी घर लख्ख केलं. मग कळलं, ती नुसती दिल्लीला पोचली होती, मोठं विमान अजून पुढंच होतं. काय करावं या बाईनं? कचऱ्याची बादली उचलली आणि सगळे दोरे परत घरभर पसरले! मी हसून हसून बेजार झाले. पण मावशी एकेक दोरा जपून जागेवर ठेवत होत्या, तेव्हा मीही मूठभर उचलून पसरायला लागले. पुढं दर खेपेला फोनच्या नकाशावर सरकणारं लेकीचं इवलं विमान मी त्यांना दाखवायचे. ते समुद्रावर आलं की त्या माझं मनगट गच्च धरायच्या.

या उन्हाळ्यात मावशींच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं, लेक तिकडून निघाली. मावशी मास्कखालून पुटपुटल्या, “घर झाडू नको व माय.”

“नाही झाडत. तुम्ही फक्त थांबा, मावशी.”

विमान त्यांच्यासमोर धरून बसले. मेलं सरकतच नव्हतं. ते दिल्लीपासून अजून बरंच लांब होतं, तेव्हा मावशी गेल्या. लेक दिल्लीत उतरल्यावर तिला फोनवर मीच सांगितलं.

तिच्यासाठी मावशींना दवाखान्यातच ठेवलं होतं. त्यांना घरी आणायच्या आधी केर काढून घ्यावा म्हणून गल्लीतल्या बायका आल्या. मी झाडू पोटाशी धरून उंबऱ्यातच बसले.

“खबरदार कुणी हात लावाल तर! पोर अजून पोचायची आहे.”

वेडी म्हणाल्या मला. म्हणू देत.

शेवटी रिक्षा थांबली. लेक दारात येऊन थबकली. आत दोरे तसेच पडले होते, मावशींची कात्रीही त्यातच होती. तिनं चपला काढल्या.

“पोचनू व माय,” ती त्या रिकाम्या घराला म्हणाली.

मग तिनं माझ्या हातातून झाडू घेतला.